घरच्या वर्कशॉपसाठी पहिला राऊटर: वॅट नंतर बघा, आधी कॉलेट आणि बेस

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेरला घरामागे पत्र्याचं शेड आहे. ड्रिल, जिगसॉ आणि हातकरवत जवळ आहे. आता एकच हातराऊटर (वेगाने फिरणाऱ्या बिटने, म्हणजे कापणाऱ्या पात्याने, लाकडात खाचा आणि कडा काढणारं मशीन) घ्यायचाय आणि त्यावर स्वयंपाकघराची प्लायची शटर, सनमायकाच्या कडा, कपाटातल्या खाचा, एक सागवानी देव्हारा आणि जमलं तर नव्या खोलीच्या दाराची चौकट एवढं सगळं करायचंय. दुकानदार १८०० वॅटचं, १२ मिलीमीटर दांड्याचे बिट घेणारं मोठं मशीन दाखवतोय आणि म्हणतोय, हे एकदा घेतलं की पुन्हा बघायला नको.

ते मशीन चांगलंच असेल, पण पहिलं म्हणून घेऊ नका. ७०० वॅटच्या आसपासचा, वेग कमी-जास्त करता येणारा ट्रिमर, म्हणजे छोटा राऊटर घ्या. त्याची मोटर बेसमधून (खालच्या बैठकीतून) बाहेर निघणारी हवी आणि त्याच वेळी तिच्यावर बसणारा प्लंज बेसही (बिट वरून सरळ खाली उतरवणारा) घ्यायचा. चौकट मात्र यादीतून काढून टाका.

चौकटीपासूनच सुरुवात करतो, कारण मोठ्या मशीनचा मोह तिच्यामुळेच होतो. दार बसायला चौकटीत साधारण ३५ मिमी रुंद आणि १२ मिमी खोल खाप लागते. सात फुटी दाराचे दोन उभे आणि वरचा आडवा मिळून पाच मीटरहून थोडी जास्त लांबी झाली. ट्रिमरवर १२ मिमीच्या बिटने एका वेळी ३ मिमी खोल गेलात, तर खोलीचे चार आणि रुंदीचे तीन, म्हणजे बारा फेरे. साठ मीटरहून जास्त राऊटिंग, तेही सागात. मोठ्या मशीनने फेरे निम्म्यावर येतील, तरी अर्धा दिवस जाईल. हेच काम सॉ मिलवर किंवा फर्निचरच्या कारखान्यात खाली कटर फिरणाऱ्या मशीनवर काही मिनिटांत आणि सरळ रेषेत होतं. वर्षातून एकदा येणाऱ्या कामासाठी रोजच्या वापरातलं हत्यार जड करून घेऊ नये. दर महिन्याला चौकटी करणार असाल तर गोष्ट वेगळी, मग दुकानदाराचं म्हणणं बरोबर.

उरलेली यादी बघा. सनमायका कापणं, कडेला गोलाई देणं, बिजागरीची खाच, मागच्या प्लायसाठी ६ मिमीचा गाळा, देव्हाऱ्यावर कोरीव पट्टी. या सगळ्यात बिट लहान आहे आणि मशीन अरुंद कडेवर तोलून धरायचंय. ट्रिमर दोन किलोच्या आत असतो आणि एका हाताच्या पकडीत बसतो. मोठा प्लंज राऊटर पाच-सहा किलोंचा. १८ मिमी जाडीच्या प्लायच्या कडेवर त्याचा रुंद बेस अर्ध्याहून जास्त हवेत राहतो. जरा हात ढळला की मशीन कलतं आणि कडेत खळगा पडतो. प्लायच्या कडेचा खळगा भरून निघत नाही, लिपिंग (कडेला चिकटवलेली लाकडी पट्टी) काढून पुन्हा लावावं लागतं.

आता कॉलेट, म्हणजे बिटचा दांडा आवळून धरणारी फाकांची नळी. राऊटर घेताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते आणि तिचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. मिस्त्री लोक सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. मग ‘दोन सूत’ म्हणजे नेमकं पाव इंच, ६.३५ मिमी. पण ६ मिमीच्या प्लायलाही बाजारात दोन सूतच म्हणतात. प्लायच्या बाबतीत हा फरक चालून जातो, राऊटर बिटच्या दांड्यात चालत नाही. ६ मिमीचा दांडा ६.३५ च्या कॉलेटमध्ये घालून कितीही आवळला तरी पकड चारही बाजूंनी समान बसत नाही. कॉलेटच्या फाका एका टोकाला टेकतात आणि दुसऱ्या टोकाला मोकळ्या राहतात. मशीन चालू असताना दांडा हळूहळू खाली सरकतो. तुम्हाला वाटतं ६ मिमी खोल खाच चाललीय आणि शेवटी मोजली तर ९ भरते. वाईटात वाईट म्हणजे बिट निसटतो. तसंच १२ आणि १२.७ मिमीचं, दोन्हींना सर्रास ‘अर्धा इंच’ म्हणतात.

म्हणून दुकानात दोन गोष्टी ठरवून घ्या. कॉलेटवर आकडा कोरलेला असतो, तो वाचा. मग सगळे बिट त्याच मापाच्या दांड्याचे घ्या. जळगाव-धुळ्याच्या हार्डवेअर दुकानांत दोन्ही मापांचे बिट एकाच डब्यात पडलेले असतात, त्यामुळे व्हर्नियर कॅलिपर सोबत न्या. साधा प्लास्टिकचाही चालेल, ०.३५ मिमीचा फरक त्यात स्पष्ट दिसतो. मशीन ८ मिमीचाही कॉलेट घेत असेल तर उत्तम. ८ मिमीचा दांडा पाव इंचीपेक्षा बराच ताठ असतो. त्याच लांबीत ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ६.३५ वरून ८ वर गेलात की अडीचपट. जाड सागात बिट थरथरत नाही, कड गुळगुळीत येते. तुमच्या मशीनचा कॉलेट सुटा मिळतो का, हेही विचारा. कॉलेट झिजणारा भाग आहे, तो मिळत नसेल तर चांगली मोटर असूनही मशीन भंगारात जातं.

वेगाचं गणित सोपं आहे, पण पाठ असलेलं बरं. बिटची कड किती वेगाने धावते हे फेऱ्या आणि व्यास दोन्हींवर ठरतं. मिनिटाला ३०,००० फेऱ्यांवर ६ मिमीच्या बिटची कड सेकंदाला साडेनऊ मीटर जाते, तर ३० मिमीच्या बिटची ४७ मीटर. म्हणून २५ मिमीपर्यंतचे बिट २४,००० च्या आसपास, २५ ते ५० मिमीचे १८,००० पर्यंत आणि त्याहून मोठे १२ ते १६ हजारांवर चालवायचे. फेऱ्यांची कमाल मर्यादा बऱ्याच बिटच्या दांड्यावर किंवा पाकिटावर छापलेली असते, ती ओलांडायची नाही. स्वस्त १२ मिमी मशीन बहुतेक एकाच वेगाची असतात, २२-२३ हजारांवर. त्यात ५० मिमीचा बिट लावला तर कड सेकंदाला ५७ मीटरवर जाते, लाकूड जळतं आणि हातात धरलेलं मशीन अंगावर येतं. वेग बदलणारी चकती ही माझ्या मते हवीच अशी सोय आहे.

चकतीसोबत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे का ते पाहा. लाकडात शिरल्यावर मोटर मंदावू नये म्हणून ते जास्त करंट देतं आणि फेऱ्या टिकवतं. नमुना म्हणून सांगायचं तर मकिताचा आरटी ०७०० सी हा ७१० वॅटचा आणि १० ते ३० हजार फेऱ्यांचा आहे, त्याला साधा, प्लंज आणि तिरका असे वेगवेगळे बेस बसतात. हाच घ्या असं नाही, याच घडणीचं दुसऱ्या कंपनीचं मशीन चालेल. एक पायरी वर जायचं असेल तर बॉशच्या जीओएफ १३० च्या वर्गातला, १३०० वॅटचा आणि ८ मिमीपर्यंतचा प्लंज राऊटर घेता येईल. पण त्याचा बेस निघत नाही आणि सनमायकाच्या कडेवर तो अवजड पडतो. साग जास्त आणि प्लाय कमी, असं काम असेल तर मात्र मी याच्याकडे वळेन.

प्लंज बेसचा आग्रह का? साध्या बेसमध्ये बिट आधीच बाहेर आलेला असतो, त्यामुळे खाच लाकडाच्या कडेपासून सुरू करावी लागते. मधोमध खाच घ्यायची असेल तर मशीन कलवून उतरवावं लागतं आणि त्यात बिट घसरतो. प्लंज बेस दोन खांबांवर सरळ खाली उतरतो. कुलपाची खाच, पट्टीचा गाळा, अक्षर कोरणं ही सगळी कामं त्याची.

दुकानात प्लंज बेस असा तपासा. मशीन टेबलावर ठेवा आणि आधी एकाच मुठीवर, मग दोन्ही मुठींवर दाब द्या. दोन्ही वेळा अडखळल्याशिवाय उतरलं पाहिजे. खाली नेऊन लॉक करा आणि मोटर धरून हलवा. बेसच्या तुलनेत मोटर कुठेही खुळखुळता कामा नये. मग वायर सॉकेटमधून काढलेली आहे याची खात्री करून सरळ दांड्याचा एखादा नवा बिट कॉलेटमध्ये बसवा आणि स्पिंडल हाताने फिरवा. बिटचं टोक डोलताना नुसत्या डोळ्यांना दिसलं, तर ते मशीन परत. साधी समांतर गाइड, गाइड बुश (साच्याच्या कडेला टेकून चालणारी बिटभोवतीची नळी), दोन पाने आणि धूळ ओढायचं तोंड डब्यात आहे ना बघा, नंतर सुटं मागवताना त्रास होतो. सर्व्हिस सेंटर जळगाव, धुळे की थेट नाशिक, तेही आत्ताच विचारा.

विजेचं थोडं सांगतो, कारण आपल्याकडे मोटर जळण्याचं मोठं कारण तेच असतं. ७१० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर तीन अँपिअरच्या आसपास घेतं, घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर निवांत चालतं. १८०० वॅटचं जवळपास आठ अँपिअर घेतं, त्याला १६ अँपिअरचं सॉकेटच हवं. शेड घरापासून लांब असेल तर वायरची जाडी बघा. ३० मीटर लांब आणि ०.७५ चौरस मिमी जाडीच्या एक्स्टेंशनवर आठ अँपिअर ओढले की बारा-तेरा व्होल्ट वाटेतच जातात. आधीच संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आलेलं असेल, तर मोटरपर्यंत १८७ पोचतात. वेग टिकवायला नियंत्रण आणखी करंट ओढतं, आणि फेऱ्या मंदावल्या तर मोटरचा पंखाही मंदावतो. १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर वापरली तर हे नुकसान निम्म्यावर येतं. वायरचं रीळ पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेलं रीळ आतून तापतं.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हवाच ४५ अंशांच्या पुढे असते आणि मोटर थंड करायला तीच हवा आत ओढली जाते. दर दहा मिनिटांनी मशीन लाकडातून बाहेर काढून अर्धा मिनिट मोकळं चालवा, मग बंद करा. तापलेलं मशीन एकदम बंद करून ठेवलं तर पंखाही थांबतो आणि आतली उष्णता गुंडाळीतच मुरते. उन्हाळ्यात हे काम सकाळी दहाच्या आत आटोपलेलं चांगलं.

बिट पहिल्या खेपेला पाचच घ्या: खाली बेरिंग असलेला फ्लश बिट (कड खालच्या पृष्ठभागाशी सपाट करणारा), ६ मिमी सरळ, १२ मिमी सरळ, ६ मिमी त्रिज्येचा गोलाईचा आणि ४५ अंशांचा उताराचा. तीस बिटांचा लाकडी डबा स्वस्त वाटतो, पण त्यातले पंचवीस कधी वापरले जात नाहीत आणि उरलेल्यांची कार्बाइड पातळ असते. मशीनला लागलेल्या पैशांच्या तिसऱ्या हिश्शाइतके पैसे या पाच बिटांसाठी बाजूला ठेवा. पातं टंगस्टन कार्बाइडचंच हवं. सागात सिलिका असते, ती साध्या हायस्पीड स्टीलची धार बघता बघता उतरवते. प्लायमधले डिंकाचे थरही तेच करतात, शिवाय धार नेमक्या एकाच उंचीवर झिजते. म्हणून प्लायवर काम करताना अधूनमधून बिटची उंची दोन-तीन मिमी बदलत राहा.

शटरच्या ऑटो हिंजसाठी ३५ मिमीचं भोक लागतं, ते राऊटरने करायला जाऊ नका. ३५ मिमीचा हिंज बोअर बिट ड्रिलला लावा, १८ मिमीच्या प्लायमध्ये साडेबारा मिमी खोल. काम लवकर आणि नेमकं होतं.

बिट बसवताना दांडा तळापर्यंत ढकला, मग दोन-तीन मिमी वर ओढा आणि आवळा. आवळताना कॉलेट दांड्याला थोडं आत ओढतो. दांडा आधीच तळाला टेकलेला असेल तर ओढायला जागा नसते आणि पकड खोटी बसते. हाताला घट्ट लागते, पण चालू केल्यावर सुटते. दांडा किमान २० मिमी आत हवा. रिकामा कॉलेट कधीच आवळू नका, त्याच्या फाका कायमच्या दबतात.

चाल कोणत्या दिशेने? वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. फळीची कड तुमच्याकडे असेल तर मशीन डावीकडून उजवीकडे न्या, म्हणजे बाहेरच्या कडेने काट्यांच्या उलट आणि चौकटीच्या आतल्या कडेने काट्यांप्रमाणे. उलट नेलं तर बिट लाकडावर चढून पळतो. चारही कडा करायच्या असतील तर आधी लाकडाच्या रेषांना आडव्या जाणाऱ्या दोन टोकांच्या कडा, मग लांब कडा. टोकाला निघालेली चिरफळी पुढच्या फेऱ्यात आपोआप कापली जाते.

मधली खाच घेताना मशीन पुढे ढकललं की ते डावीकडे सरकायला बघतं. म्हणून सरळ पट्टी क्लॅम्प करून चालवणार असाल तर ती मशीनच्या डाव्या बाजूला हवी, म्हणजे मशीन आपणच तिला चिकटून राहतं. मशीनला जोडलेली समांतर गाइड मात्र उजव्या कडेला टेकवायची. हे उलटं झालं की खाच वाकडी जाते आणि लोक मशीनला दोष देतात.

कपाटाच्या फळीसाठी खाच घेताना १८ मिमीच्या प्लायवर विश्वास ठेवू नका, कॅलिपरने मोजा. बहुतेक वेळा ती १७ ते १७.५ भरते. १८ मिमीच्या बिटने केलेल्या खाचेत फळी डुलते. १२ मिमीचा बिट घ्या. फळीच्या जाडीतून १२ वजा करून तेवढ्या जाडीची चिप (पातळ तुकडा), समजा साडेपाच मिमी, पट्टी आणि मशीन यांच्यामध्ये ठेवा. पहिला फेरा चिप ठेवून, दुसरा चिप काढून. क्रम हाच ठेवा. त्यामुळे दुसऱ्या फेऱ्यात लाकूड डाव्या बाजूने कापलं जातं आणि बिट पळत नाही.

बिजागरीच्या खाचेसाठी गाइड बुश वापरा. बुशच्या बाहेरच्या व्यासातून बिटचा व्यास वजा करून निम्मं करा. १० मिमीचा बुश आणि ६ मिमीचा बिट असेल तर २ मिमी आले. एमडीएफच्या साच्याची खिडकी बिजागरीपेक्षा प्रत्येक बाजूला २ मिमी मोठी कापायची. कोपरे गोल राहतात, ते पटाशीने चौकोनी करा. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा.

एका फेऱ्यात किती खोल? ट्रिमरवर बिटच्या व्यासाच्या निम्मं ही वरची मर्यादा समजा, आणि सागात ३ मिमीच्या पुढे जाऊच नका. बाभूळ किंवा अंजनासारखं कठीण लाकूड असेल तर दीड-दोन मिमी. आवाजाकडे कान ठेवा. सूर खाली बसला की खोली जास्त झाली किंवा बिट बोथट. लाकडावर काळे डाग पडले तर बहुतेक वेळा चाल फार सावकाश असते किंवा मशीन मध्येच थांबलेलं असतं. कडेवर बारीक लाटा उमटल्या तर चाल फार वेगाची. डाग आणि लाटा दोन्ही दिसले तर बिट बदला. सागाचं तेल आणि भुसा धारेवर चिकटून काळा थर बसतो, तेव्हा धार शाबूत असूनही बिट बोथट वाटतो. बेरिंग काढून ठेवा, बिट कोमट पाण्यात धुण्याच्या सोड्यासोबत तासभर भिजवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. पाणी पूर्ण पुसून तेलाचं एक बोट फिरवा.

सनमायका कापताना डाग पडले तर बिटला नाही, बेरिंगला बघा. कडेला ओघळलेलं चिकटद्रव्य बेरिंगवर बसतं, बेरिंग जाम होतं आणि बिटसोबत त्याच्याच वेगाने फिरत सनमायकावर घासत जातं. कड आधी खरवडून साफ करा आणि थोडं मेण लावा.

देव्हाऱ्याच्या दारात सागाची फळी गाळ्यात बसवणार असाल तर गाळा फळीपेक्षा प्रत्येक बाजूला दोन मिमी खोल ठेवा आणि फळीला डिंक लावू नका. मे महिन्यात कोरडी ठणठणीत असलेली फळी श्रावणात रुंदीला फुगते. जागा नसेल तर सांधाच उघडतो.

सुती रुमाल गळ्यात, लांब बाह्या, हातमोजे, यातलं काहीही राऊटरजवळ नको, फिरता बिट ते ओढून घेतो. चष्मा आणि कानाला बोंडं हवीत. मास्क एन ९५ चा घ्या, रुमाल बांधून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलंय, आणि राऊटरचा भुसा बारीक असतो. मशीन बंद केल्यावर बिट पूर्ण थांबेपर्यंत ते उचलू नका. बिट बदलताना स्विच बंद आहे यावर विसंबू नका, प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवा.

मशीन घरी आल्यावर सागाला हात लावण्याआधी फुटभर टाकाऊ प्लायवर ६ मिमीच्या बिटने ३ मिमी खोल खाच घ्या आणि दोन्ही टोकांना कॅलिपरने मोजा. खोली एका टोकाला ३ आणि दुसऱ्या टोकाला जास्त आली, तर बिट सरकतोय. दांड्याचं आणि कॉलेटचं माप पुन्हा जुळवून बघा. रुंदी ६.२ मिमीच्या पुढे गेली, तर बिट डोलतोय. बिल जपून ठेवलेलं असेल तर त्याच आठवड्यात मशीन बदलून घ्या.